मानशीवरचा मसुदा

सेल्विन म्हणतो, 'नमस्कार मंडळी' काढून टाक,
नमस्कारात सात टक्के लोक उठून जातात.
काढला.
मग बेटाचं नाव काढलं, फेरीबोट काढली,
रायबंदरच्या धक्क्यावर भिजलेले माझे बूट काढले,
आणि अगदी सुरुवातीला आणून ठेवला
शाणूबाबचा हात, कोपरापर्यंत काळ्या चिखलात.
वर माझं वाक्य:
या हाताने काल रात्री पाण्यातून जे बाहेर काढलं
ते पाहून तुम्ही...
वाक्याचा उरलेला अर्धा भाग
बाराव्या मिनिटापर्यंत द्यायचा नाही.
त्याचाच मला पगार मिळतो.

बाहेर काढली होती एक चप्पल.
निळी, डाव्या पायाची.
पण ते नंतर.

म्हापशात औषधांच्या दुकानावर माझी खोली.
खाली शटर पडलं की मी लिहायला बसते.
दर चाळीस सेकंदांनी एक गाठ,
पहिली सुटायच्या आत दुसरी मारलेली हवी.
'पण खरी गोष्ट तर पुढेच आहे'
हे मी या वर्षात एकशे बारा वेळा लिहिलं,
आणि पुढे दर वेळी काही असतंच असं नाही.

शाणूबाब जाळ्याची गाठ अंधारात मारतो,
बोलण्यात मात्र एक मारेल तर शपथ.
विचारलं, मानस म्हणजे नेमकं काय?
तर आधी म्हणाला, जेवलीस?
मग विडी शोधली. दुसऱ्या खिशात सापडली.
मग म्हणाला, भरतीला पाणीच दार लोटून घेतं,
ओहोटीला पाणीच उघडतं,
आपण फक्त फळ्या कुजू द्यायच्या नाहीत.
आणि खाडीकडे बघत राहिला.
एकोणीस सेकंद. मोजले मी, सवयीने.
सेल्विनने त्यांचे दीड केले
तेव्हा शाणूबाब एकदम हुशार दिसायला लागला
आणि जरासा खोटा,
मागून कुणी ढकलत असल्यासारखा.

शुक्रवारी संध्याकाळी सोडला.
चिखलाच्या हाताने माणसं धरून ठेवली,
मी मानस समजावायला लागले तशी ती गळाली,
एकेक, दाराचा आवाज न करता.
सहाव्या मिनिटाला मात्र आलेखावर उंचवटा:
इथे लोक मागे जाऊन पुन्हा बघतात.
मला वाटलं, माझं वाक्य असणार. हरखून लावून पाहिलं.
शाणूबाबच्या मागे, बांधावरून चाललेलं एक कुत्रं
घसरून पाण्यात पडतं,
वर येतं, अंग झाडतं,
आणि कुणी बघितलं तर नाही ना
म्हणून चारी दिशांना बघून घेतं.
त्या दिवशी आम्ही तिघे तिथेच होतो.
कुणीही बघितलं नव्हतं.

चपलेपर्यंत पोचले दोनशे सहा.
बारा मिनिटांच्या बदल्यात
त्यांच्या हातात मी एका पायाची चप्पल ठेवली
आणि घंटा दाबायला सांगितलं.
खरं म्हणजे ती शाणूबाबने फेकली नव्हती.
धुऊन मानशीच्या खिळ्याला अडकवली होती,
ज्याची असेल तो शोधत येईल म्हणून.
हे तेराव्या मिनिटाला होतं.
सेल्विनने उडवलं,
उत्तर कळल्यावर कोण थांबतं म्हणाला.
मीही वाद घातला नाही, साडेअकरा वाजले होते.

काल फोन केला.
सांगितलं, नऊ हजारांनी बघितलं, शाणूबाब.
बराच वेळ पलीकडे नुसतं पाणी वाजत राहिलं.
मग त्याने विचारलं,
आणि ती चप्पल? कुणी ओळखली?
नाही अजून, म्हटलं.
बरं, असू दे तिथेच, म्हणाला,
आणि फोन बंद करायचा विसरला.
मी ऐकत बसले. विडी, खोकला,
कुणाला तरी कोंकणीत हाक,
फळीवर फळी आपटल्याचा आवाज.

खाली शटर पडलंय.
पुढचा विषय: कुर्ल्या विकत घेताना होणाऱ्या पाच चुका.
पहिली चूक शेवटी सांगायची.